दोन ओंजळी युरिया

विमलवहिनी लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत साड्या तीन होत्या आणि पुस्तकं अकरा. मी मोजली होती. पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली, त्यांवर बारीक अक्षरात नाव आणि खाली ‘बी.एस्सी. तृतीय वर्ष’. सगळ्यात तळाशी एक पांढरा एप्रन घडी करून ठेवलेला, त्यावर तपकिरी भोकं पडलेली. मायनं तो उलगडून पाहिला आणि विचारलं, “हे कुणी जाळलं गं?” वहिनी म्हणाली, “तेजाबाचे डाग हायेत, आत्याबाई. प्रयोग करताना उडतं.” त्यानंतर आठ-दहा दिवस माय वस्तीत ज्याला त्याला सांगत होती की आमची सून तेजाबाशी खेळती. मी त्या घरातली लेक, आमच्या वस्तीतली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. माझ्याबद्दल माय असं कधी कुणाला सांगत फिरली नव्हती. मत्सर हा शब्द मला तेव्हा पुस्तकातून माहीत होता. तो पोटात कुठं बसतो ते त्या आठवड्यात कळलं.

आमची वस्ती केजच्या अलीकडे, सडकेपासून आत. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा अण्णांना बजावलं होतं की घरात अंगठेबहाद्दर एकही राहता कामा नये. अण्णा सातवीपर्यंत शिकलेले होते, ते वस्तीच्या सामुदायिक शेती सोसायटीचे सेक्रेटरी झाले, आणि सून पाहायला परळीला गेले तेव्हा मुलीच्या बापाला त्यांनी आपणहून सांगितलं, “पोरगी परीक्षेला बसंल. माझा शब्द हाय.” वहिनीचे वडील थर्मल वीजकेंद्रात कामाला होते. हा शब्द ऐकूनच त्यांनी होकार दिला असं नंतर दादा सांगायचा. दादा औरंगाबादला एका छापखान्यात होता, महिन्यातून एकदा यायचा. म्हणजे घरात अण्णा, माय, वहिनी आणि मी. मला पुढं शिकायचं होतं. मी तसं अण्णांना म्हणाले तर ते म्हणाले, “एका येळी एक. आधी सूनबाईचं होऊ दे, मग तुझं बघू.” त्या दिवसापासून वहिनी माझ्या लेखी माझ्यापुढं रांगेत घुसलेली बाई होती.

त्याआधी वस्तीतली पत्रं मी वाचायचे. तहसीलचे अर्ज मी लिहायचे. म्हाताऱ्या बाया माझ्या हातात पोस्टकार्ड देताना पदर सावरून बसायच्या आणि मी घसा खाकरून सुरुवात करायचे, मला त्याचा मोठा रुबाब वाटे. वहिनी आली आणि बाया तिच्याकडं वळल्या. तिचं वाचणं साधं, घाईचं होतं, रुबाब काही नव्हता, तरी तिच्याकडं जायच्या. तिच्याकडं का जाता म्हणून मी एकीला विचारलंसुद्धा. ती म्हणाली, “तिच्याजवळ गेलं की ती जवाब बी सुचिवती.”

ते दुष्काळाचं साल होतं. पेरणीच झाली नव्हती. वस्तीतले सगळे पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जात, आणि दिवसभर टेकडीकडून घणांचा आवाज येत राही. तो आवाज थांबला की जेवणाची सुट्टी झाली असं घरात बसून कळायचं. खायला मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, तांबडी भाकरी, गिळताना घशाला ओरखडे काढणारी, आणि कामावर वाटलेलं भाजक्या पिठाचं सुकं खाणं, सुकडी. सुकडीचा तो भाजलेला, जरासा कडवट वास मला आजही एखाद्या दुकानात बालआहाराचं पाकीट फोडलं की येतो आणि मी चटकन बाजूला होते. माझ्या सुनेला वाटतं मला त्याची ॲलर्जी आहे.

सोसायटीची जमीन म्हणजे पूर्वीचं गायरान, मुरमाड. अकरा घरांनी मिळून दगड वेचून ती केली होती आणि त्यावर मोसंबीची साठ झाडं लावली होती. झाडं तिसऱ्या वर्षात होती, पुढच्या साली बहर धरणार होती. अकरा घरांच्या मालकीचं म्हणावं असं या जगात तेवढंच होतं. विहीर तळाला गेली होती. खांद्यावरून घागरी नेऊन आळ्यात ओतायच्या, तर निम्मं पाणी उन्हानंच उडायचं. सगळ्यांना दिसत होतं की साठ झाडं उन्हाळा काढणार नाहीत, पण तसं कुणी बोलून दाखवत नव्हतं.

वहिनीनं अण्णांना सुचवलं की कुंभाराकडची कच्ची भाजलेली मडकी आणू, झाडाच्या मुळाशी गळ्यापर्यंत पुरू, पाणी मडक्यात भरू आणि तोंड फडक्यानं बांधू. मडकं पाझरतं, मुळं आपली आपण लागेल तेवढं ओढून घेतात, उन्हाला काही मिळत नाही. अण्णांनी हे सोसायटीच्या बैठकीत मांडलं. चेअरमन ग्यानबाकाका कान खाजवत म्हणाले, “सेक्रेटरी, मडकं मयताला लागतं. जित्त्या झाडाच्या मुळाशी कशाला पुरायचं?” धर्म बदलला तरी खांद्यावरच्या मडक्याची भीती काही सगळ्यांची गेली नव्हती. शेवटी अण्णा म्हणाले, “सडकेकडची एक ओळ करून बघू. बारा झाडं. साधलं तर समदी करू. न्हाई साधलं तर जिम्मा माझा.”

महिन्याभरात ती बारा झाडं बाकीच्या अठ्ठेचाळीसांपेक्षा उठून दिसायला लागली. पाणी तर तिसरा हिस्साच लागत होतं. खडीवरून परतणारी माणसं वाट वाकडी करून ओळ बघायला येऊ लागली. ग्यानबाकाकांनी स्वतः फडकं सोडून मडक्यात वाकून पाहिलं आणि म्हणाले, “सूनबाई लई हुशार हाय, सेक्रेटरी. सोन्यावानी पोर मिळाली.” मी तिथंच घागर टेकवून उभी होते. त्या बारातली सात मडकी मी पुरली होती, माझ्या तळहाताला फोड आले होते. काकांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मग ठरलं की केजहून शेतकी खात्याचे साहेब पाहणीला येतील आणि ते गेले की उरलेल्या सगळ्या झाडांना मडकी लावायची.

मुळं पाणी ‘ओढतात’ म्हणजे काय, असं बाया विचारायला लागल्या तेव्हा वहिनीनं अंगणात एक प्रयोग केला. बाजारच्या दिवशी खाटकाकडून बकऱ्याचा फुगा, म्हणजे मूत्राशय, आणवला, पोरं फुगवून खेळतात तो. तो धुऊन त्यात गुळाचं घट्ट पाणी भरलं, तोंडात एरंडाच्या पानाचा पोकळ देठ खोचून दोऱ्यानं करकचून बांधला आणि फुगा साध्या पाण्याच्या पातेल्यात लटकवला. तासाभरानं देठातून गुळाचं पाणी वर चढायला लागलं. कुणी फुंकत नाही, कुणी दाबत नाही, तरी चार बोटं वर. बाया तोंडाला पदर लावून बघत बसल्या. वहिनी सांगत होती, “पातळ पानी घट्टाकडं जातं. मुळात घट्ट हाय, मातीत पातळ, म्हणून पानी आत शिरतं. आता समजा उलटं झालं…” उलटं झालं तर काय, हे ऐकायला मी थांबले नाही. मायच्या चेहऱ्यावरचं कौतुक मला बघवत नव्हतं. मी घागर उचलली आणि तरातरा विहिरीकडं निघून गेले. पुढं कितीतरी वर्षं वर्गात पोरांना मी दटावत आले की धडा अर्धा ऐकून उठायचं नाही. पोरांना वाटायचं बाई शिस्तीच्या आहेत.

वहिनीची प्रात्यक्षिकाची परीक्षा आंबेजोगाईला होती. लेखी परीक्षा त्यानंतर महिन्याभरानं. प्रात्यक्षिकासाठी ती आठ-दहा दिवस माहेरी परळीला राहणार होती. निघताना तिनं मला मडक्यांजवळ नेलं. “ताई, दोन दिसाला भरत जा. फडकी नीट बांधा, न्हाईतर चिमण्या पडतात. तुमच्याशिवाय कुणाच्या भरवशावर टाकू?” ती हे मनापासून बोलत होती. मला मात्र वाटलं, माझ्याच बापाची झाडं मला सांभाळायला देणारी ही कोण?

आमच्या घराच्या कोपऱ्यात सोसायटीच्या खताची पोती पडून होती. पेरणीच नाही म्हटल्यावर ती कुणी फोडली नव्हती, आत युरियाचे दगड झाले होते. वहिनी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, सगळे कामावर असताना मी एक पोतं उसवलं. माझा विचार साधा होता. युरियानं पिकं काळीशार होतात हे लहान पोराला माहीत. साहेब येतील तेव्हा ओळ अशी काळीशार झालेली असेल की बघत राहतील, आणि मग मी सांगेन की मडकं वहिनीचं, पण हे माझं. ढेकळं वरवंट्यानं फोडली. प्रत्येक मडक्यात दोन दोन ओंजळी टाकल्या आणि तुरीच्या काटकीनं ढवळलं. ढवळता ढवळता मडकं एकदम गार पडलं, हाताला बरं वाटेल इतकं. चैताच्या त्या उन्हात मला तो शुभशकुनच वाटला. दोन दिवसांनी मडकी भरताना आणखी एकेक ओंजळ टाकली.

चौथ्या दिवशी पानं आतल्या बाजूला वळली. मला वाटलं ऊन जास्त आहे. सहाव्या दिवशी शेंडे करपले आणि आठव्या दिवशी मी झाडाला हात लावला तर पानं चुरचुरत खाली आली. मडक्यांत पाणी होतं. माती ओली होती. ओल्या मातीत उभी राहून बारा झाडं तहानेनं मरत होती आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की हे माझ्या हातून झालं आहे.

साहेब आले, सडकेवरूनच ओळ पाहिली, अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलले आणि जीपमध्ये बसून गेले. ग्यानबाकाका म्हणाले, “म्हनलं न्हवतं का मी? मडकं मयताला लागतं.” बाकीचे मेंबर खाली बघत उभे होते. अण्णांनी मला विचारलं, “तू भरलीस न्हवं नेमानं?”

“भरली,” मी म्हणाले.

हे खरंच होतं. आणखी त्यांनी काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. अण्णांनी टिकाव घेतला आणि एकेक मडकं उकरून फोडत गेले. बाराव्या मडक्यापर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मला त्यांची कीव आली, भीती वाटली, आणि हे लिहायची लाज वाटते तरी लिहिते, की त्या सगळ्याच्या तळाशी थोडा आनंदही होता. आता सोन्यावानी कोण ते दिसलं, असा.

वहिनी परत आली ती केजला यष्टीतून उतरून चालत, थेट शेतातच गेली. मीही मागोमाग गेले, कारण घरी बसवेना. मडक्यांची खापरं पसरली होती. तिनं वाळकी माती चिमटीत घेऊन चोळली, पानं उलटीपालटी करून पाहिली. “ताई, पानी कुठलं घातलं होतं?”

“आपल्याच विहिरीचं.”

ती खापरांजवळच उकिडवी बसली. मला वाटलं आता ती मान वळवून माझ्याकडं बघेल आणि सगळं ओळखेल. तिनं पाहिलंही, पण तिच्या मनात माझ्याबद्दल संशयाला जागाच नव्हती. म्हणाली, “चुकलं माझंच. विहीर तळाला गेली की पानी खारं होत जातं. मडक्यात ते खार साठत गेलं असणार. जायच्या आधी मी चव घेऊन बघायला पाहिजे होती.” माझ्या गुन्ह्यावर तिनं आपल्या शास्त्राचं पांघरूण घातलं, तेही अगदी तंतोतंत बसणारं.

तिनं हेच अण्णांना सांगितलं आणि हट्टानं बैठकीतही जाऊन सांगितलं. मेंबर म्हणाले, सूनबाईच म्हणती की तिचं चुकलं, मग आता काय राहिलं? उरलेल्या झाडांना मडकी लावायचा विषय तिथंच संपला. एक जण उठून म्हणाला की घरात कालेज आणि शेतात मसनवटा. घरी आल्यावर अण्णा वहिनीला म्हणाले, “ह्या साली लेखी राहू दे, बाई. अकरा घरांम्होरं मी कुठल्या तोंडानं तुला यष्टीत बसवू? पुढल्या साली बघू.” वहिनी “बरं” म्हणाली आणि चुलीपुढं जाऊन बसली. मी परातीत मिलोचं पीठ मळत होते. एक वाक्य बोलले असते तर ती परीक्षेला बसली असती. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी पीठ मळत राहिले.

उरलेली अठ्ठेचाळीस झाडं जेठापर्यंत गेली. पुढल्या साली वहिनीच्या पोटात पहिला मुलगा होता, त्यानंतर दुसरा. तिची परीक्षा पुन्हा कधी निघाली नाही. माझी पाळी मात्र ठरल्याप्रमाणे आली. मी कॉलेजात गेले तेव्हा तिनं ती अकरा पुस्तकं मला दिली आणि तो एप्रनही दिला, भोकांवर पांढऱ्या दोऱ्यानं रफू करून. दुसऱ्या वर्षाला द्रावणांचा धडा आला आणि सरांनी फळ्यावर ते ‘उलटं’ काढून दाखवलं, मुळाबाहेरचं पाणी घट्ट झालं की मुळातलं पाणी बाहेर ओढलं जातं, तेव्हा मी वहिनीचा एप्रन घालून पहिल्या बाकावर बसले होते. मी दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले. मग मी एम.एस्सी. झाले, प्राध्यापक झाले. परासरण दाब, म्हणजे पाण्याच्या याच ओढीचं गणित, दर वर्षी शिकवला, आणि चांगला शिकवला असं मुलं म्हणत.

गेल्या वर्षी तुरीच्या दिवसांत मी वहिनीकडं चार दिवस राहायला गेले होते. दादा जाऊन बरीच वर्षं झाली. ती आता केजला मुलाकडं असते, गुडघे दुखतात, कानाला यंत्र आहे. आम्ही दोघी ओट्यावर हिरव्या शेंगा सोलत बसलो होतो आणि मी सांगून टाकलं. पोतं उसवलं तिथपासून अण्णांच्या प्रश्नापर्यंत सगळं. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा उठून आत जाईल, किंवा जाऊ द्या म्हणेल. या तिन्हींची मी तयारी करून आले होते.

ती म्हणाली, “युरियाच व्हता ना? मिश्र खत न्हाई?”

“युरियाच.”

“मग त्याचे पाण्यात तुकडे होत न्हाईत. एकाचा एकच राहतो. मीठ असतं तर दुप्पट धरावं लागलं असतं. किती टाकला?”

“आधी दोन ओंजळी. दोन दिवसांनी आणखी एक.”

“पहिल्या दोनच धरल्या तरी पाव किलोच्या वरच. मडकी आपली आठ लिटरची.” तिची बोटं शेंगा सोलतच होती. ओठ थोडे हलले. “लिटरला सहा दशांश मोल धरा. हवेच्या दाबाच्या चौदा-पंधरा पट. एवढ्याला मुळं कशी पुरी पडतील?” मग ती थांबली. हातातली शेंग तशीच राहिली. “पानं चौथ्या दिशी वळली म्हनता?”

“हो.”

“म्हणजे तवा मुळं जित्ती व्हती. त्याच दिशी मडकी उपसून नुसतं पानी भरलं असतं, दोन डाव, तर झाडं उठली असती. बारा बी. आणि मग साठ बी.” परीक्षेबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.

एकतीस वर्षं मी हे गणित फळ्यावर घातलं, साखरेचं घातलं, मिठाचं घातलं, युरियाचंही घातलं. त्या बारा मडक्यांचं कधी करून पाहिलं नाही. तिनं ते चार शेंगा सोलायला लागतात तेवढ्या वेळात तोंडी केलं. मला रडू यायला हवं होतं, तिचे पाय धरायला हवे होते. आला तो राग, तोच जुना. उत्तर आजही तिलाच आधी आलं होतं.

वहिनीनं शेंगेतले दाणे ताटलीत टाकले आणि कानातलं यंत्र नीट बसवत माझ्याकडं वळली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तिला खरंच विचारायचं होतं.

“बरोबर आलं का बघा ताई. तुमी शिकलेल्या.”

मी म्हणाले, “बरोबर आहे.”